आजी ‘ने’ म्हणाल्या आणि मी बशी उचलली

तुम्ही विचारलंय, एकच लहानसा शब्द बऱ्याच भाषांत सापडतो पण जागोजागी अर्थ निराळा, असं उदाहरण आहे का? आहे. एकाच अक्षराचं आहे: ने.

मी नाशिकला पर्यटकांची गाडी चालवतो. त्र्यंबक, पांडवलेणी, गंगापूर धरण, हाच रोजचा रस्ता. एकदा एक ग्रीक मायलेक गाडीत होते. मुलगा इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेसाठी आला होता, आई मागाहून येऊन मिळाली. आजींना इंग्रजी अजिबात येत नव्हतं. पांडवलेण्याच्या पायथ्याशी मी पेरूच्या फोडी घेतल्या, तिखटमीठ लावलेल्या, आणि बशी पुढे केली. आजी हसून म्हणाल्या, “ने, ने.” नाशिकच्या माणसाला ‘ने’ म्हटल्यावर तो काय करणार? नेली बशी. आजींचा हात हवेतच राहिला. मुलगा हसत सुटला, मग त्याने सांगितलं की ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’.

तेव्हापासून मला या अक्षराचा नाद लागला.

ग्रीसच्या उत्तरेला बल्गेरिया. तिथे ‘ने’ म्हणजे ‘नाही’. त्यात भर म्हणून तिथली माणसं ‘नाही’ म्हणताना मान वर-खाली करतात आणि ‘हो’ म्हणताना आडवी हलवतात. शेजारच्या तुर्कस्तानात ‘ने?’ म्हणजे ‘काय?’ या तिन्ही देशांच्या सीमा मारित्सा नदीवर एका ठिकाणी मिळतात. म्हणजे त्या जागी उभं राहून कुणी ‘ने’ म्हटलं, तर ते हो, नाही आणि काय यांपैकी काहीही असू शकतं. गाईड म्हणून मला तिथे नोकरी नको.

बल्गेरियनचा ‘ने’ आपल्याला वाटतो तितका परका नाही. चेक, सर्बियन या तिच्या बहिणींतही तो ‘नाही’च आहे, फ्रेंचमध्ये नकारी वाक्यात क्रियापदाच्या आधी तो येतो, आणि या सगळ्यांचं मूळ संस्कृतातल्या ‘न’शी एकच आहे. मराठीत तो ‘नाही’, ‘नको’, ‘नकळत’ यांत आहेच, पण खरी गंमत ‘नेणता’ या शब्दात आहे. कीर्तनात ऐकला असेल, जाणता आणि नेणता. नेणता म्हणजे न जाणणारा. म्हणजे मराठीतसुद्धा शब्दाच्या तोंडाशी बसलेला एक नकारी ‘ने’ आहे, फक्त सुटा फिरत नाही. सुटा फिरतो तो ‘घेऊन जा’ वाला. तो संस्कृत ‘नी’ धातूचा, म्हणजे नेता आणि नायक यांच्या घरातला. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही.

तिसरा ‘ने’ आपल्या प्रत्ययाचा: रामाने, सीतेने. (बोलताना आपण ‘रामानं’ म्हणतो, पण वहीत ‘ने’च.) या ‘ने’ने मला गाडी हातात यायच्या कितीतरी आधी एक दणका दिला होता. बारावीनंतर मी रविवार कारंज्याजवळ एका गुजराती शेठच्या कापडाच्या पेढीवर रोकड लिहायला होतो. शेठ आतून ओरडायचे आणि मी लिहायचो. एक दिवस आवाज आला, “रमेशने पांचसो आप्या.” आपणे म्हणजे देणे, एवढं गुजराती मला येत होतं. रमेशने पाचशे दिले! मी रमेशच्या खाती ५०० जमा केले. संध्याकाळी गल्ला मोजला तर हजार कमी. दोनदा मोजला, तरी हजारच कमी. कारण गुजरातीत ‘रमेशने’ म्हणजे ‘रमेशला’. आपलं ‘रमेशने’ त्यांच्याकडे ‘रमेशे’ होतं. पाचशे रमेशकडून आले नव्हते, त्याला गेले होते. नावे टाकायचे ते मी जमा धरले, म्हणून फरक दुप्पट. शेठ चिडले नाहीत. “तारो ने ने मारो ने जुदो छे,” एवढंच म्हणाले. तुझा ने आणि माझा ने वेगळा आहे. त्या वाक्यातला मधला ‘ने’ म्हणजे ‘आणि’, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ‘आवशो ने?’ मधला ‘ने’ आणखी वेगळा, तो आपल्या ‘येणार ना?’ मधला ‘ना’.

याच शेवटच्या ‘ने’ला फार लांबचे जुळे आहेत. जपानी माणूस वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावतो, ‘हो की नाही?’ अशा सुरात. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणाराही अगदी तिथेच, त्याच सुरात ‘ने?’ म्हणतो, पण तो आहे ‘नांव ए’ (नाही का) याचा आखडलेला तुकडा. दोन्ही ‘ने’च्या उगमांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. चिनीत ‘नी ने?’ म्हणजे ‘आणि तू?’ कोरियनमध्ये ‘ने’ म्हणजे पुन्हा ‘हो’, ग्रीकसारखंच. फिनिशमध्ये ‘ने’ म्हणजे ‘ती’, अनेकवचनी. हंगेरियनमध्ये ‘नको करूस’ मधला ‘नको’.

यात गूढ काही शोधू नका. ‘न’ आणि ‘ए’ हे तोंडाला सोपे ध्वनी, बहुतेक भाषांत असतातच. एका अक्षराचे शब्द मुळात थोडे, जपानीत तर सुटी अक्षरं शंभराच्या आसपास. जगात भाषा सात हजारांच्या घरात. टक्कर होणारच. ‘हो’, ‘नाही’, ‘काय’ हे दिवसभर लागणारे शब्द, ते झिजून लहान होतात आणि मग याच गर्दीत येऊन उभे राहतात. लांबलचक शब्द असा दहा भाषांत योगायोगाने सापडला तर मात्र मला सांगा, तिथे उधारी-उसनवारी नक्की असेल.

त्या दिवशी आम्ही वर लेणी बघायला गेलो. १७ क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत दात्याचं नाव कोरलंय, इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, आणि त्याला ‘योणक’ म्हटलंय. योणक म्हणजे यवन, ग्रीक. मायलेक तिथून हलेनात. मुलगा म्हणाला, आमचं ‘ने’ आजही ‘न-आ-इ’ असंच लिहितात, फार जुन्या काळी उच्चारही ‘नाइ’ होता. मी म्हटलं, आमच्याकडे ‘नाय’ म्हणजे नाही. त्याने ते आईला सांगितलं. आजींनी लेखाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेरूच्या पुडीकडे, आणि काहीतरी विचारलं. शब्दांवरचा माझा विश्वास उडाला होता, म्हणून मी नुसती मान हलवली, आपली नेहमीची, ना उभी ना आडवी. त्यांनी ती कुठल्या देशाची धरली कोण जाणे, पण फोड उचलली.