ग्रिडची वाट मशीन्सच्या पेपरातून जाते

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सौर आणि पवनऊर्जा ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, जोडण्याच्या विषयात तिला पुढे मास्टर्स करायचं आहे. नातेवाईक म्हणतात, सॉफ्टवेअर सोडून हे खूळ कशाला? मला वाटतं, एवढी हौस आहे तर तीन महिन्यांचा सोलर डिझाइनचा कोर्स करावा आणि कामाला लागावं. शिवाय सौरऊर्जेमुळे स्पेन अंधारात गेल्याचं वाचलं. अशा बेभरवशाच्या क्षेत्रात तिला जाऊ द्यावं का? – एक वडील

(खाली वेगळ्या अक्षरात : बाबांनी एक गोष्ट लिहिलेली नाही. इलेक्ट्रिकल मशीन्सच्या पेपरात मला शंभरपैकी ४७ आहेत.)

उत्तर : शेवटची ओळ लिहिणारीशी मी नंतर बोलते. आधी तुमच्याशी, आणि सुरुवात स्पेनपासून. तुमची धास्ती तिथली आहे, आणि तिच्या करिअरचं कारणही नेमकं तिथेच आहे.

२८ एप्रिल २०२५ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालची वीज काही सेकंदांत गेली. बातम्यांचे मथळे सूर्यावर खापर फोडून मोकळे झाले. तपासात पुढे आलं ते व्होल्टेज. जाळ्यातलं व्होल्टेज चढत गेलं आणि वेळेत आवरलं गेलं नाही. चढलेल्या व्होल्टेजमुळे एक केंद्र ट्रिप झालं, म्हणजे आपोआप जाळ्यातून सुटलं, त्यामुळे व्होल्टेज आणखी चढलं, मग पुढचं केंद्र सुटलं. बरीच सौर आणि पवन केंद्रं ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होती, म्हणजे क्षणोक्षणी व्होल्टेज सांभाळायचं काम त्यांना दिलेलंच नव्हतं. ज्या पारंपरिक संचांवर ती जबाबदारी होती त्यांनीही अपेक्षेइतकी पार पाडली नाही, असं तिथल्या सरकारचा अहवाल म्हणतो. दोष नक्की कुणाचा यावर अजून भांडण आहे. पण ऊन जास्त पडलं म्हणून कुठलाही देश अंधारात जात नाही. सूर्याकडून येणारी वीज जाळ्यात कशी वागेल, हे आधी बसून ठरवावं लागतं. तुमच्या मुलीला शिकायचंय ते हेच ठरवणं.

आणखी दोन प्रसंग सांगते, कारण या क्षेत्रात नोकऱ्या कशा निर्माण होतात ते त्यांतून कळतं.

१६ ऑगस्ट २०१६ला कॅलिफोर्नियात वणवा लागला. धुरामुळे पारेषण वाहिन्यांवर फॉल्ट, म्हणजे शॉर्ट सर्किट, होऊ लागले. असे फॉल्ट नित्याचे असतात आणि संरक्षण यंत्रणा ते क्षणार्धात दूरही करते. पण त्या क्षणी वीजलहरीचा आकार बिघडला, आणि दूरदूरच्या बऱ्याच इन्व्हर्टरांना (पॅनेलची वीज जाळ्याला जुळवून देणारी यंत्रं) वाटलं की फ्रिक्वेन्सीच, म्हणजे विजेची लयच, कोसळली. सुमारे १,२०० मेगावॅट सौरवीज जाळ्यातून बाजूला झाली. पॅनेल धडधाकट, ऊन लख्ख, आणि वीज गायब! यातल्या मोठ्या वाट्यामागे होती इन्व्हर्टरच्या आत फ्रिक्वेन्सी मोजण्याची चुकलेली पद्धत.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले. व्होल्टेजला पाठोपाठ गचके बसले. 'ठरावीक वेळेत इतके गचके आले की उत्पादन कमी करायचं' असं एक सेटिंग बऱ्याच पवनचक्क्यांच्या नियंत्रणात होतं, आणि जाळं चालवणाऱ्यांना त्याची कल्पनाच नव्हती. शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर अचानक भार आला, ती सुटली, आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. त्यानंतर त्यांनी काय केलं हे जास्त महत्त्वाचं. पवनचक्क्या मोडीत काढल्या नाहीत. सेटिंग्ज बदलली, २०१७मध्ये १०० मेगावॅटची बॅटरी बसवली, पुढे चार सिंक्रोनस कंडेन्सर (जाळ्याला आधार देणारी मोठी फिरती यंत्रं) आणले, आणि पवन व सौर विजेचा वाटा वाढवतच नेला. यातलं प्रत्येक काम कुणीतरी आधी अभ्यासून, गणितं करून, आकड्यांनिशी मांडलं होतं. त्या 'कुणीतरी'ची जगभर टंचाई आहे.

टंचाई म्हणतेय ते उगाच नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३मध्ये हिशेब मांडला, तेव्हा किमान ३,००० गिगावॅटचे अपारंपरिक ऊर्जेचे प्रकल्प ग्रिडला जोडून मिळण्याच्या रांगेत उभे होते. देशांनी जाहीर केलेली उद्दिष्टं गाठायची तर २०४०पर्यंत ८ कोटी किलोमीटर वाहिन्या नव्याने टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील, असंही त्याच अहवालात आहे. पॅनेल स्वस्त झाली आणि पटकन उभी राहतात. गाडी अडते ती जोडणीपाशी.

जोडणी म्हणजे नुसती तार ओढणं नव्हे. समजा, १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प एका सबस्टेशनला जोडायचा आहे. ग्रिड चालवणारे विचारणार : जवळ शॉर्ट सर्किट झालं तर तुमचा प्रकल्प टिकून राहील की हात झटकून निघून जाईल? व्होल्टेज पडलं तर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज सांभाळायला लागणारी वीज) किती द्याल, चढलं तर किती शोषाल? त्या टोकाला जाळं कमकुवत आहे, तिथे तुमचा इन्व्हर्टर डगमगणार नाही कशावरून? हे तोंडी सांगून भागत नाही. संगणकावर प्रकल्पाचं आणि आजूबाजूच्या जाळ्याचं मॉडेल उभं करायचं, शेकडो प्रसंग चालवून बघायचे आणि अहवाल द्यायचा. तो परत येतो. पुन्हा द्यायचा. याला ग्रिड स्टडी म्हणतात. पारेषण कंपन्या, विजेची मागणी-पुरवठा जुळवणारी लोड डिस्पॅच सेंटर, इन्व्हर्टर आणि पवनचक्क्या बनवणारे कारखाने, प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्या, सल्लागार संस्था या सगळ्यांना हे करू शकणारी माणसं लागतात.

तीन महिन्यांच्या कोर्सबद्दल. सावली कुठे पडते, पॅनेल किती कोनात ठेवायची, एका स्ट्रिंगमध्ये किती जोडायची, केबल केवढी, हे तिथे शिकवतात. ते काम प्रामाणिक आहे आणि ज्याला साइटवर उभं राहायला आवडतं त्याने ते जरूर करावं. पण तुमच्या मुलीने जे मागितलंय त्यातलं तिथे जवळपास काहीच नाही. शिवाय तीन महिन्यांत जे शिकून होतं, ते शिकलेली माणसंही तीन महिन्यांत तयार होतात.

आणि सॉफ्टवेअर. इथे नातेवाइकांना थोडं खूश करता येईल, कारण कोड लिहिण्यापासून तिची सुटका नाहीच. उद्या ऊन किती पडेल याचा अंदाज, बॅटरी कधी भरायची आणि कधी सोडायची याचं वेळापत्रक, सिम्युलेशनचे हजारो निकाल चाळणं, हे सगळं कोडवरच चालतं. आता कडू भाग. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकतो. कंट्रोल रूममध्ये नेमणूक झाली तर रात्रपाळी चुकत नाही. या क्षेत्रात पोक्तपणाला किंमत आहे, पण तो यायला पाच-सात वर्षं जातात. तुम्हाला दोन वर्षांत फळ बघायचं असेल, तर ते आजच घरात बोलून घ्या.

आता तुझ्याशी.

४७ गुण लपवले नाहीस हे बरं केलंस. ते मला सगळ्यात कामाचे वाटले, कारण बहुतेक मुलं हे क्षेत्र निवडताना तोच विषय टाळतात. मशीन्स म्हणजे जुनं, फिरणारं, तेलकट. आपल्याला तर नवं करायचंय! गंमत अशी की नव्याचा कणा तिथेच आहे.

मोठ्या औष्णिक किंवा जलविद्युत संचाचं टनावारी वजन फिरत असतं. कुठेतरी एक केंद्र अचानक बंद पडलं, तर फ्रिक्वेन्सी लगेच कोसळत नाही. कुंभाराने काठी काढल्यावरही चाक फिरत राहतं, तशी त्या वजनातली ऊर्जा पहिले काही क्षण जाळ्याला सावरते. तेवढ्यात बाकीचे संच जोर लावतात. इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काही नाही. आजचे बहुतेक इन्व्हर्टर जाळ्याची लय ऐकून तिच्या मागे जातात, तंबोरा ऐकून गाणाऱ्यासारखे. गाणारे वाढत गेले आणि तंबोरे कमी होत गेले तर सूर कुणी धरायचा? म्हणून आता ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर येताहेत. ते स्वतः सूर देतात, आणि त्यांच्या नियंत्रणाचा एक महत्त्वाचा प्रकार सिंक्रोनस मशीनची, म्हणजे जाळ्याच्या लयीत फिरणाऱ्या त्याच जुन्या जनित्राची, नक्कल करूनच चालतो. ज्या प्रकरणात तुझे गुण गेले, बहुधा तेच.

तीन फेजचं गणित सोपं करणारं पार्क ट्रान्सफॉर्मेशन तू पाठ केलं असशील आणि विसरलीही असशील. रॉबर्ट पार्कने ते १९२९मध्ये फिरत्या मशीनसाठी मांडलं. आज इन्व्हर्टरच्या नियंत्रणात ते सेकंदाला हजारो वेळा चालतं. त्याच्या जोडीला असतं क्लार्क ट्रान्सफॉर्मेशन. एडिथ क्लार्कने १९१९मध्ये एमआयटीमधून इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स केलं. तिथून ती पदवी घेणारी ती पहिली स्त्री. तरी तिला इंजिनिअरची नोकरी मिळेना. आधी आकडेमोड करणाऱ्यांवर देखरेख केली, मग परदेशी जाऊन भौतिकशास्त्र शिकवलं, आणि १९२२मध्ये इंजिनिअर म्हणून काम मिळालं. लांब पारेषण वाहिन्यांची तिची गणितं अभ्यासलीस तर व्होल्टेजचा प्रश्न तुला नव्याने कळेल.

मास्टर्सचे अर्ज भरण्याआधी एक काम कर. पँडापॉवर नावाचं पायथनमधलं मोफत पॅकेज आहे. त्यात १४ बसचं (बस म्हणजे वाहिन्या एकत्र येतात तो जोडबिंदू) नमुन्याचं जाळं तयार मिळतं. ते चालव. मग चौदाव्या बसला सौर प्रकल्प जोड, पॉवर फॅक्टर एकवर ठेव, मेगावॅट हळूहळू वाढव आणि व्होल्टेजचं काय होतं ते लिहून काढ. सगळ्या बसवरचे भार निम्मे कर आणि पुन्हा बघ. नंतर त्याच प्रकल्पाला थोडी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषायला लाव आणि फरक बघ. तीन आलेख होतील. बाबांना ते स्पेनच्या बातमीशेजारी ठेवून समजावून सांग. त्यांना कळलं, तर तुलाही कळलंय असं समज.

सोबत सिंक्रोनस मशीनचं प्रकरण आणि स्विंग इक्वेशन (धक्का बसल्यावर मशीन कसं हेलकावतं त्याचं समीकरण) पुन्हा कर, यावेळी परीक्षेसाठी नको. पुढच्या सत्रात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल दोन्ही घेता येत असतील तर दोन्ही घे. एकच मिळणार असेल तर कंट्रोल. दुसरं स्वतः वाचून बरंचसं जमतं.

दोन-तीन शनिवार-रविवार यात घालवूनही कंटाळाच आला, तर तसं घरी सरळ सांग. सॉफ्टवेअर काही वाईट नाही. पण रात्री जेवायला हाक मारल्यावर 'थांबा, एवढी एक केस चालवते' असं तोंडून निघालं, तर तेही त्यांना ऐकू दे. आलेख मला पाठव. भार निम्मे केल्यावर चौदाव्या बसवर व्होल्टेजचा काय आकडा आला ते मला बघायचंय.