प्रशिक्षकांचे पत्र आले आहे. निर्णय कशावर घ्यावा?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "आमचा मुलगा अकरावीत असून शाळेच्या लॅक्रॉस (जाळी लावलेल्या काठीने, म्हणजे स्टिकने, चेंडू झेलून गोल करण्याचा मैदानी खेळ) संघात बचावफळीत खेळतो. पेनसिल्व्हेनियातील एका छोट्या खासगी कॉलेजच्या प्रशिक्षकांनी 'तू आमच्या संघात यावेस' असे त्याला कळवले आहे. ते कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे अमेरिकी कॉलेज क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या गटात, असल्याने खेळाची शिष्यवृत्ती मिळणार नाही. आमच्या राज्य विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश मिळावा इतके गुण त्याला आहेत आणि तिथला खर्चही बराच कमी आहे. मुलाचे मन मात्र त्या छोट्या कॉलेजातच गुंतले आहे. यजमानांना हे अव्यवहार्य वाटते आणि साताऱ्याहून सासरे विचारतात की या खेळाला पुढे भवितव्य काय. आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार, ताई.

प्रथम त्या पत्राचे नेमके मोल समजून घेऊ. प्रशिक्षकांनी चिरंजीवांना लिहिलेले शब्द मनापासूनचे असतील, तरीही त्यांतून प्रवेशाचे बंधनकारक आश्वासन मिळत नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये शिष्यवृत्तीचा करार नसतो, त्यामुळे प्रशिक्षक आपली पसंती प्रवेश कार्यालयाला कळवू शकतात, पण अंतिम निर्णय त्या कार्यालयाचा असतो. बऱ्याच कॉलेजांत अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात प्रशिक्षक मुलाची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाकडे आगाऊ वाचनासाठी पाठवतात आणि "प्रवेशाची शक्यता कितपत" याचे उत्तर मिळवतात. अशा आगाऊ वाचनाची तयारी त्यांनी दाखवली, तर त्यांचा रस खरा आहे असे समजावे. केवळ स्नेहपूर्ण पत्रे येत राहिली, तर आपला मुलगा त्यांच्या लांबलचक यादीतील एक नाव आहे असे धरून चालावे.

आता, शिष्यवृत्ती द्यायची नसताना एखादे कॉलेज खेळाडू शोधण्यासाठी एवढी खटपट का करते, हा प्रश्न आपल्या पत्रात स्पष्टपणे आलेला नाही, पण यजमानांच्या शंकेमागे तोच असावा असे मला वाटते. डिव्हिजन थ्रीच्या नियमांनुसार आर्थिक मदत ठरवताना खेळातील कौशल्य विचारातच घेता येत नाही. मदत मिळते ती कुटुंबाच्या उत्पन्नाकडे किंवा मुलाच्या अभ्यासातील गुणवत्तेकडे पाहून. याचा अर्थ असा, की संघातील प्रत्येक खेळाडू इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच फी भरणारा विद्यार्थी असतो. मैदानावर एका वेळी दहाच जण उतरतात, एक गोलरक्षक आणि बचाव, मध्य व आक्रमण या फळ्यांत प्रत्येकी तीन, आणि तरीही अशा संघांच्या यादीत चाळीस-पन्नास नावे असणे नवलाचे नाही. जिथे एकूण विद्यार्थीच हजार-दीड हजार आहेत, तिथे लॅक्रॉससारखे काही संघ मिळून प्रवेशसंख्येचा मोठा भाग उचलून धरतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात अठरा वर्षांच्या मुलांची संख्या घटत असताना अनेक लहान कॉलेजांनी याच कारणाने नवे संघ सुरू केले. यात फसवणूक नाही. मात्र प्रशिक्षकांचे काम सामने जिंकण्याबरोबरच कॉलेजच्या जागा भरण्याचेही असते, हे ठाऊक ठेवून त्यांचे बोलणे ऐकावे.

या संदर्भात आपण राहता त्या भागापासून फार दूर नसलेल्या एका कॉलेजची हकीकत सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते. फिलाडेल्फियाजवळ रॅडनर येथे १९५७ साली कॅथलिक धर्मभगिनींच्या एका संस्थेने कॅब्रिनी कॉलेज स्थापन केले. पुढे ते विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. स्टीव्ह कोल्फर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या पुरुष लॅक्रॉस संघाने मे २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या लिंकन फायनान्शियल फील्डवर अॅम्हर्स्ट कॉलेजचा १६-१२ असा पराभव करून डिव्हिजन थ्रीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. कॅब्रिनीचे ते पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद होते, आणि अॅम्हर्स्टसारख्या धनाढ्य व नामांकित कॉलेजला हरवून मिळवलेले असल्याने त्याचे अप्रूप अधिकच होते. त्यानंतर चार वर्षांनी, जून २०२३ मध्ये, पुढील शैक्षणिक वर्षाअखेर संस्था बंद होणार असल्याचे जाहीर झाले. २०२४ च्या उन्हाळ्यात ती बंद झाली आणि तिचा परिसर शेजारच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाकडे गेला. ज्या मुलांचे शिक्षण अर्धे झाले होते त्यांना दुसरीकडे प्रवेश शोधावा लागला. संघ देशात पहिला आला, प्रशिक्षक उत्तम होते, खेळाडू जिद्दीचे होते आणि तरीही विद्यार्थिसंख्या व पैसा यांचा मेळ न बसल्याने संस्था टिकली नाही. संघाच्या यशावरून कॉलेजची प्रकृती ओळखता येत नाही, हे आपण दोघांनी आणि विशेषतः चिरंजीवांनी शांतपणे लक्षात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुदैवाने ही प्रकृती तपासणे कुटुंबाच्या आवाक्यात आहे. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या खासगी कॉलेजांना दरवर्षी 'फॉर्म ९९०' हे विवरणपत्र भरावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. मागील पाच-सहा वर्षांची विवरणपत्रे शेजारी ठेवून खर्च उत्पन्नापेक्षा सतत जास्त होत आहे का, हे यजमानांनी पाहावे. हिशेबाची थोडी सवय असलेल्या माणसाला त्यासाठी एक संध्याकाळ पुरेल. अमेरिकेचे शिक्षण खाते खासगी संस्थांची आर्थिक सुस्थिती उणे १ ते ३ या मोजपट्टीवर मांडते आणि तिच्यात १.५ किंवा त्याहून अधिक गुण समाधानकारक मानले जातात. पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात किती टक्के मुले जातात आणि पदवी किती जण पूर्ण करतात, हे आकडे त्याच खात्याच्या 'कॉलेज नॅव्हिगेटर' या संकेतस्थळावर आहेत. पेनसिल्व्हेनियातील कॉलेजांना मान्यता देणाऱ्या मिडल स्टेट्स आयोगाने त्या कॉलेजला काही ताकीद दिलेली आहे का, हेही उघडपणे कळते. ही तपासणी झाल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

एवढे सावध केल्यावर, मुलाची ओढ क्षुल्लक समजू नये असेही तितक्याच आग्रहाने सांगतो. छोट्या कॉलेजांतील लॅक्रॉसला स्वतःची दीर्घ परंपरा आहे. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा या गावच्या हॉबर्ट कॉलेजने १९८० ते १९९१ अशी सलग बारा वर्षे डिव्हिजन थ्रीचे विजेतेपद राखले. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर चेस्टरटाउन येथे १७८२ साली स्थापन झालेले वॉशिंग्टन कॉलेज आहे, जिथे एकूण विद्यार्थी हजाराच्या आसपास. ऐंशीच्या दशकात या कॉलेजला अंतिम सामन्यात हॉबर्टकडून पुन्हा पुन्हा हार पत्करावी लागली. अखेर १९९८ साली त्यांनी विजेतेपद मिळवले. त्याच किनाऱ्यावरच्या सॉल्झबरी विद्यापीठाशी त्यांचा होणारा वार्षिक सामना 'वॉर ऑन द शोअर' या नावाने ओळखला जातो. सॉल्झबरीचे जिम बर्कमन दशकानुदशके एकाच संघाशी निष्ठेने राहिले आणि पुरुषांच्या कॉलेज लॅक्रॉसमध्ये सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक ठरले. दूरचित्रवाणीचा पैसा नाही, खेळाडूंना मानधन नाही, आणि तरीही मुले फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत सरावाला उभी राहतात. घरापासून दूर गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात चाळीस सोबती, वेळेचे बंधन आणि अभ्यासात मागे पडल्यास विचारपूस करणारा एक वडीलधारा मिळणे, ही मोठी जमेची बाजू आहे. मोठ्या विद्यापीठात हुशार मुलेही पहिल्या वर्षी एकटी पडतात, हे मी समुपदेशनात वारंवार पाहतो.

म्हणून प्रशिक्षकांना भेटायला जाल, तेव्हा प्रश्न नेमके विचारावेत आणि ते चिरंजीवांनी स्वतः विचारावेत. सध्याच्या चौथ्या वर्षाच्या खेळाडूंपैकी किती जण पहिल्या वर्षापासून संघात आहेत, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. दरवर्षी अठरा मुले येत असतील आणि शेवटी सहाच उरत असतील, तर उरलेली बारा कुठे गेली हे समजले पाहिजे. यंदा बचावफळीसाठी किती जणांना बोलावले आहे, हेही विचारावे. बचावफळीत लांब स्टिक घेऊन खेळणाऱ्यांच्या जागा मोजक्याच असतात. हंगामात सामने बहुधा आठवड्याच्या मध्यावर आणि शनिवारी होतात, त्यामुळे बुधवारी दुपारी प्रयोगशाळा किंवा प्रकल्पाचा तास असल्यास काय केले जाते, हे प्रशिक्षकांबरोबरच संगणकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांनाही विचारावे. दोन्ही उत्तरे जुळली तर निश्चिंत व्हावे. सहायक प्रशिक्षक पूर्णवेळ आहेत की अर्धवेळ, सरावाच्या वेळी दुखापतींकडे पाहणारा अॅथलेटिक ट्रेनर हजर असतो का, डोक्याला मार लागल्यास मुलाला मैदानावर परत पाठवण्याचा निर्णय कोण घेतो, हे प्रश्न आईवडिलांनी निःसंकोच विचारावेत, कारण पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये अंगाला अंग भिडते आणि स्टिकचे फटकेही बसतात. शक्य असल्यास प्रशिक्षकांच्या गैरहजेरीत दुसऱ्या वर्षातील दोन-तीन खेळाडूंशी मुलाला बोलू द्यावे.

पैशाबाबत एक धोका स्पष्ट करतो. प्रशिक्षक पुष्कळदा मुलाला 'अर्ली डिसिजन' या मार्गाने अर्ज करण्यास सुचवतात, ज्याची मुदत सामान्यतः नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. हा अर्ज बंधनकारक असतो. प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात, आणि मिळालेली मदत खरोखरच अपुरी असेल तरच त्यातून सुटका होते. इतर कॉलेजांच्या मदतीशी तुलना करण्याची संधी कुटुंब त्यामुळे गमावते. अनेक खासगी कॉलेजांची जाहीर फी निवासासह वर्षाला साठ ते ऐंशी हजार डॉलरच्या घरात असते, पण प्रत्यक्षात द्यावी लागणारी रक्कम गुणवत्तेच्या सवलतीनंतर पुष्कळ कमी होऊ शकते. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यात आपले खरे उत्पन्न भरून अंदाज घ्यावा. त्यानंतर आर्थिक मदत कार्यालयाकडे लेखी पूर्वअंदाज मागावा. तो देण्यास कॉलेजने नकार दिला, तर बंधनकारक अर्ज करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आपल्या सासऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना आदरपूर्वक असे द्यावे. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील हॉडेनोशॉनी या मूलनिवासी राष्ट्रांचा प्राचीन खेळ आहे, त्यांच्या श्रद्धेत त्याला पवित्र स्थान आहे आणि आजही ते आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्वतःच्या ध्वजाखाली खेळतात. १९०४ व १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये तो पदकांसाठी खेळला गेला होता, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सहा-सहा खेळाडूंच्या स्वरूपात तो परत येत आहे. तो निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनातच झाला, क्रिकेटबरोबरच. आजोबांना याचे कौतुक वाटेल. मात्र उपजीविका म्हणून पाहता चित्र मर्यादित आहे. २०१९ पासून सुरू असलेल्या प्रीमियर लॅक्रॉस लीगमध्ये आठच संघ आहेत, आणि त्यांतील अनेक खेळाडू दुसरा व्यवसाय सांभाळतात. डिव्हिजन थ्रीमधून तिथवर पोहोचणारे फारच थोडे. प्रशिक्षक होण्याचा मार्ग आहे, पण सुरुवातीची सहायकपदे तुटपुंज्या मानधनाची असतात. तेव्हा चिरंजीवांची उपजीविका पदवीवरच उभी राहील असे धरून चालावे. संघाचे माजी खेळाडू उन्हाळी प्रशिक्षणार्थीच्या जागा मिळवून देण्यास मदत करतात हे खरे आहे, परंतु ते संगणक क्षेत्रात आहेत का, हे नावानिशी विचारून घ्यावे.

माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. त्या कॉलेजात संगणकशास्त्राचे पूर्णवेळ प्राध्यापक पुरेसे असतील, वरच्या वर्गांचे विषय दरवर्षी खरोखर शिकवले जात असतील, आर्थिक तपासणीत ते खरे उतरत असेल आणि राज्य विद्यापीठाशी असलेला खर्चाचा फरक कर्जाविना पेलता येत असेल, तर मुलाला तिथे जाऊ द्यावे. यांपैकी शिक्षणाची किंवा आर्थिक स्थैर्याची अट पुरी होत नसेल, तर संघ कितीही चांगला असला तरी नकार द्यावा. केवळ खर्चाचा प्रश्न उरला, तर राज्य विद्यापीठात क्लब लॅक्रॉस, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत संघाबाहेर विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संघात खेळणे, हा सन्मानाचा पर्याय आहे. अनेक मोठ्या विद्यापीठांचे क्लब संघ राष्ट्रीय पातळीवर नियमित स्पर्धा खेळतात, आणि तिथे चिरंजीवांना मैदानावर अधिक वेळ मिळण्याचीही शक्यता आहे. हा पर्याय त्याच्यासमोर आत्ताच ठेवावा. नकार मिळाल्यानंतर ठेवला, तर तो त्याला शिक्षेसारखा वाटेल.

शाळेची चालू सहामाही संपेपर्यंत विवरणपत्रे आणि खर्चाचा अंदाज यजमानांनी पाहून ठेवावा, कॉलेजची भेट वर्ग सुरू असतानाच घ्यावी आणि आगाऊ वाचनासाठी गुणपत्रिका जुलैत पाठवावी. तिचे उत्तर हाती आल्यावर ते आणि आर्थिक मदत कार्यालयाचा लेखी अंदाज मला जरूर कळवावा. नोव्हेंबरची मुदत पाळायची की साधा अर्ज करायचा, हे ती दोन्ही कागदपत्रे पाहून निश्चित सांगता येईल.