घरच्या शेडमध्ये पोर्टेबल सॉ मिल बनवायची असेल तर इंजिन सगळ्यात शेवटी घ्या

तुम्ही विचारलंय की घोडबंदर रोडला बंगल्याच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल आहे, मुरबाडच्या शेतात वादळात दोन आंबे आणि एक फणस आडवे झालेत, तर त्यांच्या फळ्या काढायला घरीच पोर्टेबल सॉ मिल बनवता येईल का आणि इंजिन किती एचपीचं घ्यावं.

बनवता येते, नक्की येते. फक्त इंजिन आत्ता घेऊ नका. मी ऐरोलीला राहतो, दिघ्याला शेड आहे, आयुष्य टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) एका कारखान्यात मेंटेनन्सला गेलं, आणि एका मित्राची परवाना असलेली लाकडाची वखार आहे त्याच्यासाठी आम्ही दोघांनी अशी बँडसॉ मिल, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या करवतीच्या पट्टीची मिल, बनवली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली की ही सगळी मशीन एकाच कामासाठी असते, चार मीटर लांबीची पातळ स्टीलची पट्टी कापताना ताणलेली आणि सरळ ठेवणं. ते जमलं तर पाच एचपीची मोटरपण लहान ओंडक्यातून सुंदर फळी काढते आणि ते नाही जमलं तर कितीही मोठं इंजिन लावा, फळीवर लाटाच येणार.

लोखंड आणायच्या आधी वनविभागात जाऊन या, हे मी कळकळीने सांगतोय. सॉ मिल हा विषय आपल्याकडे साधा नाही. जंगलं वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००२ साली विनापरवाना सॉ मिल बंद करायला सांगितल्या, नंतर २०१६ ला केंद्राने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि महाराष्ट्राचे २०१४ चे वन नियम आहेतच. तुमची मिल चाकावर आहे, घरगुती आहे, फळ्या विकायच्या नाहीत, हे सगळं तुमच्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. शिवाय आंबा आणि फणस दोन्ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, म्हणजे वादळात पडलेलं असलं तरी आधी पंचनामा, मग हात लावायचा, आणि लाकूड ठाण्याला आणणार असाल तर वाहतूक पासचं विचारून घ्या. घरापुरतं म्हणाल तर गॅरेजमध्ये बनवा पण कापू नका, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ओंडका कापताना ती कुठच्या कुठे जाते, शेजारी बोलणारच आणि त्यांचं बरोबर असेल.

दुसरं, खरंच तीनच झाडं असतील आणि पुढे काही येणार नसेल तर चेनसॉला लावायची अलास्कन फ्रेम घ्या आणि मोकळे व्हा. पण चेनसॉ प्रत्येक कापात साधारण ८ मिमी लाकडाचा भुसा करते आणि बँडसॉ २ मिमी, म्हणजे दहा काप मारले तर एकीकडे ८० मिमी गेलं आणि दुसरीकडे २०, जवळजवळ दोन फळ्यांचा फरक. गावात आजूबाजूला आंबे, शिरीष, ऐन पडतच असतात, तुम्ही तिथे नेहमी जात असाल तर बँडसॉच बनवा.

आता मशीन. ब्लेड आधी ठरवा, बाकी सगळं ब्लेडवरून निघतं. ३२ मिमी रुंद, १.१ मिमी जाड, दातांचं अंतर २२ मिमी, दाताचा कल १० अंश, हे आपल्या ओल्या आंबा फणसाला चांगलं चालतं (साग किंवा वाळलेलं कठीण लाकूड असेल तर कल कमी घ्यायचा). लांबी ४०१३ मिमी घ्या, म्हणजे १५८ इंच, हा मिलच्या ब्लेडचा चालू साइज आहे, तयार मिळतो, नाहीतर ब्लेडवाले रोलमधून कापून जॉइंट मारून देतात. ह्याला १९ इंची चाकं लागतात म्हणजे ४८३ मिमी, चाकाचा परीघ १५१७, तो वजा करून निम्मं केलं की दोन चाकांमधलं अंतर १२४८ येतं. हे अंतर ड्रॉईंगमध्ये मध्य धरा आणि वरखाली ३० मिमी तरी सरकायला जागा ठेवा.

चाक लहान घ्यायचा मोह सगळ्यांना होतो कारण स्कूटरची चाकं भंगारात सहज मिळतात. नका घेऊ. पट्टी प्रत्येक फेरीत दोनदा वाकते आणि वाकण्याचा ताण जाडी भागिले चाकाचा व्यास ह्या हिशोबाने वाढतो, ४८३ च्या चाकावर तो साधारण ४५० मेगापास्कल (म्हणजे दर चौरस मिमीला ४५० न्यूटन) असतो, १२ इंची चाकावर ७०० च्या वर जातो, आणि त्यात तुम्ही वरून ओढून धरताय ते वेगळंच. मग दातांच्या खोबणीतून बारीक तडे जातात आणि ब्लेड धार जायच्या आधीच तुटतं. बी सेक्शनच्या (व्ही बेल्टच्या खाचेचा एक ठरलेला साइज) मोठ्या बिडाच्या व्ही पुली घ्या, खाचेत घट्ट बसणारा व्ही बेल्ट चढवा आणि ब्लेड त्या रबरावर चालवा. नागदेवीला पुली, बेल्ट, बेअरिंग सगळं एका फेरीत मिळतं. हुबेहूब १९ इंची नाही मिळाली तर बेल्ट चढवल्यावर बाहेरचा व्यास मोजा आणि वरचा हिशोब परत करा. पुलीला वेल्डिंग अजिबात करायचं नाही, बीड आहे ते. आणि शाफ्टवर बसवून हाताने फिरवून बॅलन्स बघा, दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत असेल तर त्या बाजूला थोडं ड्रिल मारून वजन काढायचं.

आता ताण, ह्याच्यावर मी जरा जास्त लिहितो कारण बहुतेक घरगुती मिल इथेच फसतात. ब्लेडचा छेद ३२ गुणिले १.१ म्हणजे ३५ चौरस मिमी. कापायला साधारण १२० मेगापास्कल ताण हवा, म्हणजे एका बाजूला ४२०० न्यूटन आणि चाकावर दोन्ही बाजू मिळून ८४०० न्यूटन, सरळ भाषेत साडेआठशे किलो. हे वजन तुमच्या शाफ्टच्या टोकावर कायम लोंबकळतंय असं समजा आणि मग शाफ्टचा साइज ठरवा. चाक बेअरिंगच्या ६० मिमी पुढे असेल तर ३० मिमीच्या शाफ्टमध्ये १९० मेगापास्कलच्या आसपास ताण येतो आणि तोही फिरता, म्हणजे फटीगचा, पुन्हा पुन्हा वाकून धातू थकवणारा. ३५ ला तोच १२० वर येतो. म्हणून ईएन ८ ह्या मध्यम कार्बन स्टीलचा ३५ किंवा ४० चा शाफ्ट लेथवाल्याकडून करून घ्या, ३५ ला यूसीपी २०७ (बोल्टने बसवायच्या बिडाच्या घरासकट येणारं) बेअरिंग बसतं, आणि चाक बेअरिंगला जितकं चिकटवता येईल तितकं चिकटवा. चाकं धरणारा मधला बीम साध्या अँगलचा करू नका, १०० बाय ५० चा बंद चौकोनी पाइप घ्या, अँगल पिळला जातो आणि पिळला की ब्लेड चाकावरून उतरायला बघतं.

आणि ताण देणाऱ्या स्क्रूमागे स्प्रिंग पाहिजेच. १२० मेगापास्कलला आपली ४ मीटरची पट्टी फक्त २.४ मिमी ताणलेली असते. कापताना ती नुसती २० अंशाने गरम झाली तरी जवळजवळ १ मिमी लांबते. म्हणजे नुसत्या बोल्टने आवळलेली असेल तर चाळीस टक्के ताण पहिल्याच कापात गायब, आणि तुम्ही म्हणत बसणार की सुरुवातीला सरळ कापत होती, मध्येच बुडी का मारली. जाड डिस्क स्प्रिंग वॉशरची थप्पी लावा, किंवा बाटली जॅक आणि त्याला प्रेशर गेज, दोन्ही चालतं, गेज असलं तर रोज एकच आकडा धरता येतो. काम संपलं की ताण सोडायचा, विसरायचं नाही, नाहीतर बेल्टवर चपटा डाग पडतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन धडधडते.

ओंडक्याच्या दोन बाजूंना ब्लेड सरळ धरणारे गाइडचे रोलर दोन, एक पक्का आणि एक ओंडक्याच्या रुंदीप्रमाणे सरकणारा, जितका ओंडक्याच्या जवळ तितकं चांगलं. रोलरने ब्लेडला सहा मिमी खाली दाबलं पाहिजे, आणि मागची कॉलर ब्लेडच्या पाठीपासून ३ मिमी लांब, म्हणजे मोकळं फिरताना घासणार नाही पण ढकलताना आधार मिळेल. ब्लेडवर पाण्याची थेंब थेंब धार हवी, पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण, फणसाचा चीक ब्लेडला असा चिकटतो की दोन फळ्यांत त्याची जाडी वाढते.

ओंडका ट्रॅकवर स्थिर राहतो आणि ब्लेड, चाकं, मोटर धरणारं हेड त्यावरून सरकतं; ह्या ट्रॅकला कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून ७५ मिमीचा चॅनल आणा, मीटरला साधारण सात किलो. २ मीटरचे दोन तुकडे करून मध्ये प्लेट आणि बोल्ट, म्हणजे टेम्पोत जातं. वर ५० चा अँगल उलटा, म्हणजे धार वर, आणि हेडला स्लायडिंग गेटची व्ही खाचेची चाकं, भुसा आपोआप खाली पडतो. शेतात दर मीटरला टेकू बोल्ट देऊन गवंड्याच्या पाण्याच्या ट्यूबने लेवल करा, डोळ्याने नको. नंतर ब्लेडपासून ट्रॅकवरच्या, ओंडका ठेवायच्या प्रत्येक आडव्या पट्टीचं अंतर मोजायचं, सगळीकडे एकच आलं पाहिजे, एका टोकाला ३ मिमी फरक असेल तर तोच फरक प्रत्येक फळीत येणार. हेड वरखाली करायला दोन्ही बाजूंना ५ मिमी पिचचे चौकोनी आट्यांचे स्क्रू आणि दोन्हींना जोडणारी सायकलची नाही तर मोटरसायकलची चेन. २५ ची फळी हवी असेल तर २७ उतरवायचं, २ मिमी ब्लेड खातं.

आता इंजिन. ब्लेडचा वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास हवा, बिडाची पुली आहे म्हणून ३० च्या वर नेऊच नका. आपल्या चाकाला २५ साठी मिनिटाला ९९० फेरे लागतात. १४४० ची मोटर असेल तर ८ इंची वरून १२ इंची पुली, ३६०० फेऱ्यांचं पेट्रोल इंजिन असेल तर ४ वरून १४. शेतात थ्री फेज आहे का ते बघा, असेल तर ७.५ एचपी मोटर सगळ्यात शांत आणि निवांत. नसेल तर १३ एचपीचं पेट्रोल इंजिन, मोठ्या आंब्याला तेवढं लागतं. मोटर किंवा इंजिन आणि चाक यांच्यातला बेल्ट हँडलच्या लिव्हरने घट्ट होईल असा ठेवा, हात सोडला की बेल्ट ढिला आणि ब्लेड थांबायच्या मार्गाला लागलं पाहिजे. बंद करायचा लाल स्विच हँडलवरच.

दोन्ही चाकांवर आणि कापायच्या भागाशिवाय पूर्ण ब्लेडवर २ मिमी पत्र्याचं झाकण लावल्याशिवाय मशीन एकदाही चालू करू नका, चाचणीलासुद्धा नाही. साडेआठशे किलोने ताणलेली पट्टी तुटते तेव्हा ती कुठे जाईल हे तुमच्या हातात नसतं. ब्लेडच्या रेषेत कुणाला उभं राहू द्यायचं नाही, मुलं तर आवारातच नकोत. ब्लेड बदलताना इंजिनची प्लग कॅप काढून खिशात, आणि नवीन ब्लेडची गुंडाळी उघडताना जाड हातमोजे आणि चष्मा, ती झटक्यात उघडते.

शेतातल्या झाडात खिळे कमी असतात पण बांधावरच्या आंब्यात कुंपणाची तार गिळलेली असते, मेटल डिटेक्टर फिरवा, साधा हातातला पुरतो. ठाण्यात रस्त्यावरचं झाड कुणी देऊ केलं तर त्यात बॅनरचे आणि लाइटिंगचे खिळे असतातच असं धरून चाला. साल मातीने भरलेली असेल तर कुऱ्हाडीने तेवढी पट्टी सोलून घ्या, माती धार घालवते. फळीवर लाट दिसली की पहिली शंका धारेवर, दुसरी ताणावर, इंजिनवर कधीच नाही.

आंबा मात्र थांबत नाही. पडून राहिला की आधी निळा डाग आणि मग भुंगा, म्हणून मशीन तयार होईपर्यंत ओंडक्याच्या दोन्ही टोकांना ऑइल पेंट मारा, सावलीत दगडांवर उचलून ठेवा. फळ्या निघाल्या त्याच दिवशी बोरिक ॲसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग, पाच टक्क्यांचं पाणी करून त्यात बुडवा, मग मध्ये एक इंची पट्ट्या देऊन थप्पी लावा, पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. आपल्या पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की बाहेरच्या शेडमध्ये लाकूड नीट वाळत नाही, इंचाच्या फळीला एक वर्ष धरा आणि मधला उन्हाळा तिला पूर्ण मिळू द्या. फणस जास्त समजूतदार आहे, पहिले काप त्यावरच मारा, आंब्याचा मोठा बुंधा हात बसल्यावर.

एक करा, तिन्ही बुंध्यांचा घेर टेपने मोजून इथे लिहा. सहा फूट घेर म्हणजे साधारण ५८० मिमी व्यास, वर सांगितलेल्या मापाच्या मिलमध्ये गाइड धरून जेमतेम ६०० पर्यंत जातं. त्याच्या वर असेल तर चाकांमधलं अंतर आणि ब्लेडची लांबी दोन्ही वाढवावं लागेल, तो हिशोब मी करून देतो, तोपर्यंत मधल्या बीमचा पाइप कापू नका.