इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता? आणि असे शब्द पाठ कसे करायचे?

शब्द सांगणं सोपं आहे. १९८९ च्या वीस खंडी ऑक्सफर्ड कोशात 'सेट' पहिला, नुसत्या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ. आता नव्या आवृत्तीचं काम चाललंय, त्यात 'रन' पुढे गेला: ६४५.

पाठ मात्र करू नका. मी केले होते.

चौथीपर्यंत गोव्यात पेडण्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजी हायस्कूल. बारावीनंतर किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात वेटर लागलो. पहिल्याच आठवड्यात एक अमेरिकन म्हातारा. इसवण (सुरमई) खाऊन ताटलीत नुसता काटा ठेवलेला. मी विचारलं, आणखी काही? म्हणाला, "आय ॲम ऑल सेट." 'गेट सेट, गो' मला शर्यतींपासून पक्कं. म्हणजे गडी तयार आहे, ऑर्डर देणार! मेनू पुढे केला, वही काढून उभा राहिलो. त्याने हसून मेनू मिटला. "ऑल सेट." मी म्हटलं "येस सर" आणि पेनचं टोपण काढलं. तिसऱ्या खेपेला त्याने मेनू माझ्या काखेत खोचला. तिकडे त्याचा अर्थ 'झालं, काही नको'. मॅनेजरने सगळ्यांदेखत माझी काढली.

मामेभाऊ तिथेच रिसेप्शनवर. पहिलीपासून इंग्रजी माध्यम. तेव्हापासून दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीखाली (गणपतीवर फळं-सुपाऱ्या टांगतात ती) बसून हा किस्सा आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "मराठी शाळेत घातलं की असं होतं." अरे, तुला तरी शाळेत कुणी शिकवलं होतं? माझ्याआधी सहा महिने लागलास, अमेरिकन गिऱ्हाईकं भेटली, एवढंच.

गेल्या चवथीला मामीने त्याच्या मुलाला सांगितलं, "बाळा, जरा दही लाव." पोरगा सातवीत. थोड्या वेळाने दह्याची वाटी आणि बोटं बरबटलेली घेऊन आला, "आजी, कुणाला लावू?" मामेभाऊ माटोळीतल्या सुपाऱ्या मोजायला लागला.

दार लावतो, दिवा लावतो, माड लावतो, पैज लावतो, पोराला कामाला लावतो. हे आपण कुठल्या कोशातून घोकलं? गंमत म्हणजे दही लावणं आणि गजर लावणं, दोन्हीकडे इंग्रजीत 'सेट'च. पण सूर्य मावळतो, अंगठीत खडा बसवतात, परीक्षेचा पेपर काढतात. इंग्रजीत तिथेही 'सेट'च, मराठीत मात्र 'लावणे' उपयोगाचं नाही. म्हणून शब्द सुटा धरू नका. सोबत कोण आहे, बोलणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघा.

हां, परीक्षेसाठी विचारत असाल तर दहा-बारा अर्थ घोका, चालेल. आणि ते आकडे कोशकार किती बारीक तुकडे पाडतो त्यावर असतात. दुसऱ्या कोशात बरेच कमी निघतील.

मामेभाऊ हे वाचत असेल तर: मुलीचं नाव मराठी शाळेत घातलंय. आमच्याच.