पिकलने ऑब्जेक्ट सेव्ह करण्याआधी

पायथनमधलं पिकल हे ऑब्जेक्ट सेव्ह आणि लोड करायचं साधन ऑब्जेक्टमधला डेटा फाइलमध्ये ठेवतं, क्लासचा कोड नाही. क्लासचं फक्त नाव आणि मॉड्यूल लिहिलं जातं. त्यामुळे उद्या क्लासचं नाव बदललंत, की जुनी फाइल लोड होणार नाही. माझा महिनाभराचा डेटा असाच अडकला होता. जुन्या नावाचा क्लास परत आणला तेव्हा कुठे सुटला. शिवाय लोड करताना इनिट, म्हणजे नवा ऑब्जेक्ट तयार होताना चालणारं क्लासचं फंक्शन, चालत नाही, म्हणून त्यात नंतर वाढवलेलं ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टमधली किंमत) जुन्या ऑब्जेक्टमध्ये सापडत नाही.

आणि कळकळीने सांगतो, अनोळखी माणसाकडून आलेली पिकल फाइल कधीच लोड करू नका. लोड होता होताच तिच्यातून कुठलाही कोड चालवता येतो. नुसत्या लिस्ट आणि डिक्शनरी असतील तर सरळ जेसन हा साध्या मजकुराचा फॉरमॅट वापरा, फाइल उघडून वाचताही येते.