पंचगंगेचं गढूळ पाणी कायटोसानने निवळताना

भावा, पावसाळ्यात पंचगंगेचं गढूळ पाणी थेट माशांच्या टाकीत सोडू नकोस. आधी वेगळ्या टाकीत कायटोसानने निवळून घे. ही कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेली पावडर. तिच्यावरचा धनभार मातीच्या ऋणभारित कणांना ओढून घेतो, त्यांचे पुंजके होतात आणि तळाला बसतात.

साध्या पाण्यात ती विरघळत नाही, नुसत्या गुठळ्या होतात. पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी चार भाग; अशा एक लिटरमध्ये १० ग्रॅम पावडर थोडी थोडी भुरभुरत ढवळ, रात्रभर ठेव, फडक्यातून गाळ.

मात्रा अंदाजाने धरू नकोस. चार बरण्यांत एकेक लिटर तेच गढूळ पाणी घे. बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजने ०.१, ०.२, ०.५ आणि १ मिली द्रावण टाक. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं अगदी सावकाश ढवळ (इथे जोर लावलास तर पुंजके फुटतात), अर्धा तास हात लावू नकोस. सगळ्यात कमी मात्रेत निवळलेली बरणी धर. ०.२ मिली पुरलं तर हजार लिटरला २०० मिली. जास्त झालं की कणांवर धनभार चढतो, ते एकमेकांना ढकलतात, पाणी गढूळच राहतं.

मासे असलेल्या टाकीत हे द्रावण कधीच ओतू नकोस. कायटोसान कल्ल्यांना चिकटतं, मासे गुदमरतात. वरचं निवळ पाणी वाळूच्या गाळणीतून काढ, सामू (pH) तपास, चार-पाच बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) दिवसभर सोडून बघ. पाण्यात विरघळलेला अमोनिया मात्र याने जात नाही, त्यासाठी बायोफिल्टरच (जिवाणूंवर चालणारी गाळणी) लागतो.