एकाच मेसेजमुळे ॲप पुन्हा पुन्हा बंद पडतं, हे काय प्रकरण आहे आणि यातून सुटायचं कसं?

तुमचा प्रश्न असा: ग्रुपवर कुणीतरी चार-पाच अनोळखी अक्षरांचा मेसेज टाकला, तेव्हापासून ॲप उघडलं की बंद होतं. हा व्हायरस आहे का, आणि ॲप काढून पुन्हा टाकू का?

व्हायरस नाही. आणि ॲप इतक्यात काढू नका. कारण खाली येईलच.

मेसेज म्हणजे कोड पॉइंटची, म्हणजे प्रत्येक अक्षराला किंवा चिन्हाला ठरवून दिलेल्या क्रमांकांची रांग. त्या रांगेवरून पडद्यावर अक्षरं उमटवण्याचं काम ॲप सहसा स्वतः करत नाही. आयफोनमध्ये ते सिस्टीमचं कोअर टेक्स्ट करतं, अँड्रॉइडमध्ये अक्षरं जुळवायला हार्फबझ असतं. रोमन लिपीत बहुतेक वेळा एका कोडला एक आकार. आपल्याकडे तसं नाही. 'क्षि' घ्या: क, हलन्त, ष आणि पहिली वेलांटी असे चार कोड. पहिल्या तिघांचा मिळून एकच आकार होतो, आणि वेलांटी टंकली शेवटी तरी उमटते सगळ्यांच्या आधी. कोणता आकार कोणत्या कोडमधून आला याचा हिशेब इंजिनाला, म्हणजे अक्षरं उमटवणाऱ्या या यंत्रणेला, ठेवावाच लागतो, कारण कर्सर कुठे थांबेल, ओळ कुठे मोडेल हे सगळं त्यावर ठरतं. हा हिशेब एका घराने चुकला की इंजिन आपल्या वाट्याच्या मेमरीबाहेर हात घालतं आणि ॲप जागच्या जागी बंद पडतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण फेब्रुवारी २०१८ मधलं. 'ज्ञा' हे तेलुगू अक्षर, पण मधे एक अदृश्य पाहुणा: ज, हलन्त, ञ, झिरो विड्थ नॉन-जॉइनर (शेजारची अक्षरं जुळू न देणारं, न दिसणारं चिन्ह), काना. एकूण पाच कोड. आयफोनच्या सिस्टीमवर, आयओएस ११.२.५ वर, हे आलं की मेसेजेस, व्हॉट्सॲप, जीमेल, जे कोणी कोअर टेक्स्ट वापरून ते दाखवायला जाई ते कोसळे. साधं 'ज्ञान' लिहिणाऱ्याला काही त्रास नव्हता. जोडाक्षर बनल्यानंतर, मात्रेच्या आधी तो नॉन-जॉइनर आला तरच गडबड. आणि ही निव्वळ तेलुगूची भानगड नव्हती. बंगालीत आणि देवनागरीतही तोच साचा चालत होता. देवनागरीत दुसरं व्यंजन र असलं, म्हणजे क्र किंवा प्र सारखं जोडाक्षर, आणि मग नॉन-जॉइनर व मात्रा, की तोच परिणाम. ॲपलने १९ फेब्रुवारी २०१८ ला ११.२.६ काढून हे बुजवलं.

मे २०१५ चा प्रकार वेगळा होता. त्यात अरबी अक्षरांबरोबर देवनागरीतलं 'ॣ' हे चिन्हही होतं, पण खरा घोटाळा नोटिफिकेशनच्या पट्टीत मजकूर मावत नाही म्हणून कापताना व्हायचा. अरबीत अक्षराचा आकार शेजाऱ्यावर ठरतो. त्यामुळे मजकूर कापला की उरलेला भाग अरुंदच होईल याची खात्री नसते. आयफोन थेट रीस्टार्ट व्हायचा. आयओएस ८.४ मध्ये ते दुरुस्त झालं. २०२० मध्ये सिंधी अक्षरं आणि इटलीचा झेंडा यांच्या जोडीने आयओएस १३.४.१ ला असंच पाडलं.

२०१८ मध्येच व्हॉट्सॲपवर फिरलेला काळ्या ठिपक्याचा मेसेज मात्र या जातीचा नाही. त्यात डावी-उजवी दिशा सांगणारी अदृश्य चिन्हं हजारोंनी कोंबलेली होती. तिथे हिशेब चुकत नाही, संपतच नाही. अँड्रॉइड पाच सेकंद वाट बघतं आणि 'प्रतिसाद देत नाही' अशी चौकट दाखवतं. फरक लक्षात ठेवा: ॲप नुसतं अडकलं असेल तर 'फोर्स स्टॉप' करून, तो मेसेज न दाबता चॅट साफ करता येतं. कोसळत असेल तर तेवढ्याने भागत नाही.

मग ही अदृश्य चिन्हं सरसकट गाळून का टाकत नाहीत? कारण ती आपल्याला लागतात. 'दऱ्या' मधला अर्धा र बऱ्याच कीबोर्डवर र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (नॉन-जॉइनरचं उलट, जुळवणारं अदृश्य चिन्ह) असा टंकला जातो. 'ॲ' सुद्धा जुन्या पद्धतीत अ, जॉइनर, अर्धचंद्र असाच. गाळले तर निम्मं मराठी विस्कटेल.

आता तुमचं. ॲप पुन्हा पुन्हा पडतं कारण चॅटच्या यादीत शेवटच्या मेसेजची ओळ दिसते, आणि ती दाखवतानाच ते कोसळतं. म्हणून तो मेसेज फोनच्या पडद्यावर न येता हटवायचा.

सगळ्यात आधी त्याच ग्रुपमधल्या कुणाला तरी दोन-तीन साधे मेसेज टाकायला सांगा. यादीतली ओळ बदलते, ॲप उघडतं. मग ग्रुप न उघडता यादीतूनच चॅट साफ करा, तसा पर्याय नसेल तर ग्रुप सोडून मग चॅट हटवा. दुसरा मार्ग व्हॉट्सॲप वेब. ते आधीपासून जोडलेलं असेल तर संगणकावरून तो मेसेज 'डिलीट फॉर मी' करा, फोनवरूनही जातो. नव्याने जोडायला फोनमधलं ॲप उघडावं लागतं, तेव्हा ही सोय आधीच करून ठेवलेली बरी. आयफोनच्या मेसेजेससाठी २०१५ मध्ये ॲपलनेच सांगितलेला उपाय: सिरीला न वाचलेले मेसेज वाचायला सांगा, सिरीकडूनच उत्तर पाठवा, मग ॲप उघडून ते संभाषण हटवा. मॅकवरून हटवायला जाल तर जपून, तिथेही कोअर टेक्स्टच आहे.

ॲप काढून टाकणं शेवटी का, तर व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर रोज पहाटे २ वाजता फोनमध्येच बॅकअप घेतं. मेसेज काल आला असेल तर आजच्या बॅकअपमध्ये तोही बसला, आणि पुन्हा टाकलेलं ॲप त्याच बॅकअपवरून उभं राहून पुन्हा पडेल. काढायचंच असेल तर आधी फोन संगणकाला जोडा, अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधला 'डेटाबेसेस' फोल्डर संगणकावर उतरवून घ्या. त्यात गेल्या सुमारे सात दिवसांच्या तारखांच्या फायली असतात. मेसेज यायच्या आधीची फाईल निवडा, तिच्या नावातली तारीख आणि त्यामागचा आकडा काढून, ॲप पुन्हा टाकल्यावर पण उघडण्याआधी, ती मुख्य फाईलच्या नावाने फोनमधल्या त्याच फोल्डरमध्ये ठेवा, शेवटचा 'क्रिप्ट' आणि त्यापुढचा अंक आहे तसाच राहू द्या. मधल्या दिवसांच्या गप्पा जातील, तेवढं सोसावं लागेल.

आयफोनवर ॲप बदलून उपयोग नाही, दोष सिस्टीममध्ये असतो. फोन सारखा रीस्टार्टच होत असेल तर रिकव्हरी मोडमध्ये नेऊन संगणकाला जोडा आणि समोर आलेल्या दोन बटणांतलं 'अपडेट' दाबा. 'रिस्टोअर' दाबलंत तर फोन कोरा होईल.